बनगावचे मीठपाणी

पटकीचे नाव काढताच एके काळी गावेच्या गावे ओस पडत. महाराष्ट्रातील खेड्यांच्या वेशीवर मरीआईची ठाणी दिसतात, ती याच भयाची साक्ष होत. या रोगात प्राण जातात ते जुलाब व वांत्या यांवाटे शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. गेलेले पाणी वेळेवर परत मिळाले, तर मरणाच्या दारी पोहोचलेला रोगीही काही तासांत उठून बसतो. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा या डॉक्टराने रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडून याची प्रचीती दिली. पुढे शिरेतून दिले जाणारे सलाइन हाच पटकीवरील खात्रीचा उपाय ठरला. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्रव हवा, सुया हव्यात आणि शीर अचूक शोधणारा शिकलेला हात हवा. संकटकाळी नेमक्या याच गोष्टी अपुऱ्या पडतात.

१९७१ साली हे प्रकर्षाने दिसून आले. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील सीमेलगतच्या बनगावात छावण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत पटकीची साथ पसरली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस तेथे पोहोचले. इस्पितळाच्या दोन खोल्या रोग्यांनी भरून गेल्या होत्या. कित्येक जण जमिनीवरच पडले होते; त्यांना सुई टोचायची तर त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. सलाइनचा साठा तुटपुंजा होता आणि ते देण्यात तरबेज असे सहकारी अवघे दोन. दोनच दिवसांत डॉक्टरांना कळून चुकले, की या रीतीने ही लढाई जिंकता येणार नाही.

तेव्हा त्यांनी निर्णय घेतला : सलाइन अत्यवस्थ रोग्यांसाठी राखून ठेवावयाचे, ज्याला गिळता येते, त्याला पाणी तोंडानेच पाजावयाचे. हा निव्वळ नाइलाज नव्हता. १९५३ साली कलकत्त्यातच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी असा प्रयोग केला होता. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने मिठातील सोडियम शोषले जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. १९६८ साली डाक्क्याला डेव्हिड नालिन व रिचर्ड कॅश यांनी रोग्यांवर त्याची प्रचीती घेतली. तथापि छावणीच्या धामधुमीत, तज्ज्ञांच्या नजरेआड, हा उपाय चालेल यावर वैद्यकविश्वाचा विश्वास नव्हता. चूक झाली असती, तर तिची किंमत रोग्यांनी प्राणांनी मोजली असती.

एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे ते मिश्रण होते. त्याच्या पुड्या कलकत्त्यात बांधून बनगावला नेत. तेथे पिंपांत द्रव कालवीत आणि आया, बाप, भावंडे आपल्या माणसाला पेल्यापेल्याने तो पाजीत. काही आठवड्यांत ३,७०० हून अधिक रोग्यांवर उपचार झाले. जेथे शंभरांतले तीस दगावत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

या अनुभवाचा वृत्तान्त १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय जगभर नेला आणि त्याने कोट्यवधी बालके वाचविली. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

तरीही आज इस्पितळाच्या तातडीच्या विभागात साध्या जुलाबाचा रोगी येतो, तेव्हा घरची मंडळी आग्रह धरतात, "डॉक्टर, एक सलाइन लावाच." बाटली टांगल्याखेरीज उपचार झाला असे त्यांना वाटत नाही, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरही तो आग्रह मोडीत नाहीत. ज्याला पिता येते, त्याच्या शिरेत सुई खुपसल्याने विनाकारण खर्च वाढतो, सूज व संसर्ग यांचा धोका ओढवतो, आणि ज्याला तिची खरी निकड आहे तो खोळंबतो. बनगावला बाटल्या थोड्या होत्या, म्हणून कोणाला काय द्यावे हा प्रश्न विचारणे भाग पडले. बाटल्या मुबलक असतानाही तो प्रश्न प्रत्येक रोग्यापाशी विचारला गेला पाहिजे.