वेल्स-इंग्लंड संघर्ष (मध्ययुगीन)

अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत वेल्समधील राजघराणी आणि इंग्लंडचे राजे यांच्यात चाललेला संघर्ष. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी चेस्टर, श्रूजबरी आणि हेरफर्ड येथून सीमेवरचा मुलूख बळकावायला सुरुवात केली. शेवटचा मोठा उठाव १४०० मध्ये ओवाइन ग्लिन्दूरने केला. या इतिहासात किल्ले आणि लढाया यांचेच वर्णन जास्त येते. पण तह, फिर्यादी आणि पत्रव्यवहार पाहू लागलो की सारखा एकच प्रश्न समोर येतो : वेल्समधल्या तंट्याचा निवाडा कोणाच्या कायद्याने व्हायचा? मुलखासाठी जेवढे रक्त सांडले, तेवढेच या प्रश्नासाठीही सांडले, असे या नोंदीत प्रतिपादन केले आहे.

वेल्श परंपरा आपला कायदा राजा हवेल दा (मृत्यू सु. ९५०) याच्या नावाने ओळखते, त्याची उपलब्ध हस्तलिखिते मात्र तेराव्या शतकापासूनची आहेत. त्यातला ‘गलानस’ हा भाग पाहिला की दोन व्यवस्थांमधले अंतर कळते. खून झाला की मारेकऱ्याच्या कुळाने मृताच्या कुळाला भरपाई द्यायची आणि तिचा वाटा नात्याच्या जवळिकीनुसार दूरच्या चुलत-मावस भावंडांपर्यंत ठरायचा. इंग्लंडमध्ये तोच खून राजाविरुद्धचा गुन्हा होता आणि त्याला फाशी होती. जमीनही वेल्समध्ये सर्व मुलांत वाटली जाई, अनौरस मुलगाही त्यात हक्कदार असे. हा कायदा इंग्लंडला अमान्य होता असेही नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टात वेल्समधल्या जमिनीचा तंटा वेल्सच्या, इंग्लंडमधल्या जमिनीचा इंग्लंडच्या आणि सीमाप्रदेशातल्या जमिनीचा तिथल्या कायद्याने सोडवावा, असे कलमच आहे.

१२६७ च्या माँटगोमेरी तहात तिसऱ्या हेन्रीने ग्विनेदच्या लिवेलिन अप ग्रिफिदला ‘वेल्सचा राजपुत्र’ म्हणून मान्यता दिली. पुढे लिवेलिनने पहिल्या एडवर्डपुढे मांडलिक म्हणून हजर होण्याचे टाळले आणि १२७७ च्या युद्धात तो हरला. त्यानंतरची पाच वर्षे निर्णायक ठरली. अर्विस्ट्ली या प्रदेशावर त्याचा आणि पॉविसच्या ग्रिफिद अप ग्वेनविन्विनचा दावा होता. लिवेलिनने वेल्श कायद्याने न्याय मागितला, ग्रिफिदने इंग्लिश कायद्याचा आधार घेतला आणि एडवर्डने प्रकरण लांबणीवर टाकले. लिवेलिनचा युक्तिवाद साधा होता : राजाच्या सत्तेखालील गॅस्कनांना, स्कॉटांना, आयरिशांना आपापला कायदा आहे, मग वेल्सलाच का नसावा? या म्हणण्याला समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की वेल्स भाऊबंदकीने बुडाला, कायद्याच्या वादाने नव्हे. आक्षेप वजनदार आहे. १२७७ च्या एडवर्डच्या सुमारे १५,००० पायदळात अंदाजे ९,००० वेल्शच होते, आणि लिवेलिनचा भाऊ दाविद त्याच बाजूने लढला होता. मात्र याने पराभवाचे कारण कळते, लढण्याचे कळत नाही. हाच दाविद १२८२ मध्ये पाम संडेच्या सुमारास इंग्रजांच्या हॉर्डन किल्ल्यावर तुटून पडला. मधल्या काळात त्याला होप येथील जमिनीसाठी चेस्टरच्या न्यायालयात खेचण्यात आले होते. जमीन वेल्समध्ये आहे, तिला वेल्श कायदा लागू होतो, असे तो सांगत होता. एडवर्डच्या बाजूने लढूनही त्याच्या हाती हेच आले.

दुसरा आक्षेप, राजपुत्रांनी कायद्याचा सोयीपुरता वापर केला. अर्विस्ट्लीबाबत लिवेलिनचा स्वार्थ होता, हे मान्य करावेच लागते. तरी १२८२ च्या नोव्हेंबरात कँटरबरीचा आर्चबिशप पेकम मध्यस्थीला आला, तेव्हा स्नोडोनियाच्या लोकांच्या वतीने वेगळे उत्तर गेले : राजपुत्राने हक्क सोडला तरी ज्याची भाषा, चालीरीती आणि कायदे आम्हांला ठाऊक नाहीत अशा परक्यापुढे आम्ही मान तुकवणार नाही. मजकूर दरबारी लेखनिकाचा असेलही. पण आर्चबिशपसमोर हाच मुद्दा टिकेल असे त्यांना वाटले, हे महत्त्वाचे. ११ डिसेंबरला लिवेलिन मारला गेला, त्याचे शिर लंडनला पाठवले. पुढच्या वर्षी दाविदला श्रूजबरीत देहदंड झाला.

एडवर्डने कॉनवी, कारनार्वन आणि हार्लेक येथे किल्ले उभारले. त्याचबरोबर १२८४ च्या रिदलन कायद्याने गुन्ह्यांसाठी इंग्लिश कायदा आणला. गलानस गेले, मुलांतली जमीनवाटणी राहिली, अनौरसांचा हक्क मात्र संपला. १४०० चा उठावही रिदिनच्या रेजिनल्ड ग्रेशी झालेल्या वैरातून पेटला आणि त्याला उत्तर म्हणून पुन्हा कायदेच आले. वेल्श माणसाला सीमेवरच्या नगरांत जमीन घेता येईना, त्याच्या फिर्यादीवर वेल्समधल्या इंग्रजाला दोषी ठरवता येईना. १४०६ मध्ये पेनल येथून फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात ग्लिन्दूरने वेल्श जाणणारे धर्मगुरू आणि उत्तर-दक्षिण वेल्समध्ये एकेक विद्यापीठ मागितले. ग्लिन्दूरच्या ताब्यात गेलेले हार्लेक १४०९ मध्ये पडले. १५३६ च्या कायद्याने न्यायालयांची भाषा इंग्रजी केली, आणि मुलांतली जमीनवाटणी १५४३ मध्ये बंद झाली.