परासरण
अर्धपार्य पटलातून विरल द्रावणातील पाणी संहत द्रावणाकडे जाण्याची क्रिया. तर्षण हेही नाव. पेशीला यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. क्षार संहतीच्या उलट दिशेने आत ओढायचे तर लागते. पेशीपटलातील जलमार्गिकांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल (विभागून) मिळाले.

जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागांत ही क्रिया अवकाळी पावसात अंगाशी येते. पिकलेल्या मण्याचा रस साखरेने दाट, सालीवर थांबलेले पावसाचे पाणी जवळपास क्षारविरहित. ते सालीतून आत शिरते. मुळांकडूनही पाणी येत राहते आणि दमट हवेत बाष्पोत्सर्जन मंदावते. साल ताणाला पुरी पडत नाही, मणी तडकतो. बागायतदार यालाच ‘क्रॅकिंग’ म्हणतात. रस गळून घडात कूज पसरते. असा माल निर्यातीला चालत नाही, मग गोडी कितीही असो.