स्टेअरिंगची थरथर आणि उस्तादांची पारख

नांदेडला मीटर गेजची आगगाडी होती, लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी. दोन्ही गावं रेल्वेनं बाहेरच्या जगाशी जोडली गेली, पण एकमेकांशी थेट नाहीच. लातूरच्या आडतीवरून नांदेड गाठायचं तर अहमदपूर, लोहा अशी सडकच धरावी लागे. या भागात मोटारीला आणि ती दुरुस्त करणाऱ्या हातांना जी किंमत आली, तिचं मूळ या सडकेत आहे.

निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये रस्ता वाहतुकीचं खातं काढलं, तेव्हा त्याच्याकडे २७ बस आणि १६६ नोकर होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढं इथली सरकारी बस एसटी महामंडळाची झाली. डेपोत परतलेला ड्रायव्हर गाडीचं दुखणं कागदावर नोंदवी. ‘स्टेअरिंग हलते’ एवढं लिहून मात्र भागत नसे. कुठल्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, भरल्या गाडीत की रिकाम्या, हे कळल्याशिवाय पान्ह्याला हात घालण्यात अर्थ नव्हता.

खासगी गाड्या त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डॉक्टर, आडते, गुत्तेदार यांच्या दारात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट किंवा उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर उभी असे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची ही फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावानं ओळखली जाऊ लागली. सोबतीला महिंद्राच्या जीपगाड्या होत्याच.

या तिन्ही गाड्या थरथरत, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

जीपची पुढची धुरा अखंड. एक चाक खड्ड्यात आपटलं की धक्का दुसऱ्यापर्यंत पोचे, आणि किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, झिजलेली असली तर दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडू लागत. ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग ठरत नसे. वेग एकदम उतरवला तरच ही थरथर थांबे. पद्मिनीची पुढची चाकं स्वतंत्र असली तरी त्यांनाही किंगपिन होतीच. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की बुश खाल्ले जात आणि स्टेअरिंग ढिलं पडे. अ‍ॅम्बेसेडरचं स्टेअरिंग रॅक-पिनियनचं. तिथं आधी टाय रॉडच्या टोकांचे सांधे बघायचे.

गॅरेजातल्या उस्तादांची तपासणीची रीत मात्र सगळ्या गाड्यांना एकच, आणि ती पाहण्यासारखी असे. पुढचा भाग जॅकवर उचलायचा. चाक वर-खाली धरून हलवायचं: खेळ आढळला तर बेअरिंग नाहीतर किंगपिन. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. तरीही खेळ राहिला तर बेअरिंग निर्दोष ठरलं आणि बोट किंगपिनकडे गेलं. मग तेच चाक डावी-उजवीकडून धरायचं: खटखट आली तर टाय रॉड एंड. शेवटी चाक फिरवून रिमजवळ खडू स्थिर धरायचा. रिम जिथं वाकलेली, तेवढ्याच जागी पांढरी रेघ उमटे. बेअरिंग मोकळं असेल तर हातानं सोडलेलं चाक नेहमी जड बाजू खाली घेऊन थांबतं. समोरच्या बाजूला शिशाचं वजन लावायचं. यंत्राविना केलेलं हे बॅलन्सिंग अपुरं होतं, कारण फिरताना उजव्या-डाव्या बाजूंचा तोल हाताला कळत नाही. तरी काम निभावत असे.

ब्रेक लावतानाच स्टेअरिंग हललं तर मात्र यातलं काही उघडायची गरज नाही. ड्रम गोल राहिलेला नसतो. तो लेथवर चढवायचा.

इथल्या काळ्या मातीनं या धंद्याला कायम काम पुरवलं. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन वरची सडक उचलते आणि बसवते. डांबर नवं असलं तरी लाटा पडतात. त्यावर रिमोल्ड केलेले टायर घालून धावणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या पुढच्या चाकांनी काय सोसलं असेल, ते गॅरेजवाल्यांनाच माहीत.

मारुती आली आणि किंगपिनची जागा बॉल जॉइंटनं घेतली. रस्ते सुधारले तसे वेगही वाढले. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी तर नांदेडातले रस्तेच नव्यानं झाले. ताशी ऐंशीच्या आसपास येऊन पुढं कमी होणारी थरथर आता नेहमीची तक्रार ठरली. ती बहुतेक चाकाच्या तोलाची असते, आणि संगणकी यंत्र ती काही मिनिटांत पकडतं. पण यंत्रावर फक्त उतरवलेलं चाक चढतं. गाडीत उरलेला ढिला सांधा त्याला दिसत नाही, म्हणून पाचव्यांदा बॅलन्सिंग करूनही ज्यांचं स्टेअरिंग हलतच राहिलं असे मालक भेटतात.

जुनी पद्मिनी जपणाऱ्यांची अडचण निराळी. कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, त्यामुळं किंगपिनचे पितळी-काशाचे बुश हवे तेव्हा मिळत नाहीत. लेथवाल्याकडून कातून घ्यावे लागतात. ते ठोकून बसवले की रीमर फिरवून वरचा आणि खालचा बुश एका रेषेत आणायचा. किंगपिन तेल लावून हाताच्या जोरानं सरकली पाहिजे. घट्ट राहिली तर थरथर जाते खरी, पण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.