एपी की डी अँझा? आधी थोडा इतिहास

सनीव्हेलकर पालकांनो, मुलं हायस्कूलला गेली की हा प्रश्न येतोच. दोन्ही वाटांचं मूळ मात्र वेगळं आहे.

नामांकित शाळांतली मुलं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला जाऊन शिकलेलंच पुन्हा शिकतात, हे १९५२च्या एका अहवालात दिसलं. त्यातून एपी आलं. कॉलेज बोर्डाने १९५६मध्ये परीक्षा सुरू केल्या. शेजारच्या कुपर्टिनोतलं डी अँझा १९६७मध्ये उघडलं, ते सगळ्यांसाठी. कॅलिफोर्नियाच्या २०१५च्या कायद्याने ड्युअल एनरोलमेंटचं दार मुद्दाम अशा मुलांसाठी मोठं केलं, जी एरवी कॉलेजपर्यंत पोचली नसती.

शर्यत आपण लावली!

एक लक्षात ठेवा: एपीचा कमी स्कोअर बहुतेक ठिकाणी कळवला नाही तरी चालतं, डी अँझाची ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायम राहते. म्हणून आधी मुलांनाच विचारा, विषय खरंच आवडतो का?