तरोटा आणि चंद्रज्योत

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. माय-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी आणि रेशनचा लाल मिलो, ह्यावर दिवस निघायचे. आणि तरोट्यावर.

मृगाचे चार शिंतोडे पडले, तेवढ्यावर बांधाला तरोटा उगवला. मायनं ओळख करून दिली ती अशी: एका काडीला पानांच्या तीन जोड्या, दिवस मावळला की पानं मिटतात, चोळलं तर उग्र वास येतो. कोवळा असेल तोवरच खुडायचा. घोळीची काडी तांबूस, पान जाड, चव आंबट. पाथरीचं पान मोडलं की दूध निघतं. कुंजर, तांदुळजाही असाच दाखवला. पुस्तक नव्हतं. पोटात भूक होती, म्हणून धडा पक्का झाला.

पण काय खायचं ते मायनं शिकवलं. काय नाही खायचं, ते शिकवायला तिला सवड झाली नाही. एक दिवस ती कामावर असताना आम्ही चौघा पोरांनी कुपाटीच्या चंद्रज्योतीच्या बिया फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यावानी गोडसर लागल्या. थोड्या वेळात उलट्या-जुलाब सुरू झाले. बैलगाडीत घालून परतूरला नेलं. वाचलो. माय रातभर उशाला बसून एकच म्हणत होती, "माझंच चुकलं रे लेका, सांगायला पायजे होतं."

हीच चंद्रज्योत पुढं २००३ च्या सुमाराला 'डिझेलचं झाड' म्हणून गाजली. डिझेल काही निघालं नाही. बिया खाऊन शाळेची लेकरं दवाखान्यात गेल्याची बातमी मात्र अजून पेपरात येते.

आता रानात सोयाबीन, कपाशी आणि तणनाशक. तरोटा रस्त्याच्या कडेला उरला, बाकी गाजरगवत मातलं. लेकरांना ओळखू येतं ते तेवढंच.

म्हणून पावसाळ्यात सर बोलावतात तेव्हा मी पोरांना शिवारात नेतो. पहिला धडा चंद्रज्योतीचा: एरंडासारखं रुंद पान, बोंडात तीन काळ्या बिया. दुसरा कुत्र्याच्या छत्रीचा. रंगावरून किंवा किडा लागला म्हणून कोणतीच छत्री खायची ठरत नाही, नुसती बघायची. मग लिंब, हिवर, बाभूळ. तरोटा सगळ्यात शेवटी.

परवा एका पोरीनं विचारलं, "आबा, आता दुष्काळ नाही, मग कशाला ओळखायचं?"

मी तिला मायचं त्या रातचं बोलणं सांगितलं. ती काही बोलली नाही. उठली, चंद्रज्योतीपाशी गेली आणि धाकट्या भावाला ते पान दाखवू लागली.