संवेदक जाळ्यांतील ऊर्जाबचतीचे मॅक प्रोटोकॉल

बिनतारी संवेदक जाळ्यातील नोडने सामाईक रेडिओ-माध्यमावर केव्हा बोलायचे, केव्हा ऐकायचे आणि केव्हा रेडिओ बंद करून झोपायचे, हे ठरवणारे माध्यम-प्रवेशाचे नियम. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॅक’. शेतात, पुलावर वा जंगलात बसवलेल्या नोडची बॅटरी वारंवार बदलता येत नाही, म्हणून येथे वेगापेक्षा काटकसरीला मान.

या नोडमध्ये बहुधा सर्वांत खर्चिक भाग रेडिओ. दीर्घकाळ वापरात असलेली सीसी२४२० ही चिप पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते, ऐकताना १८.८. कोणी बोलत नसताना नुसते कान देऊन बसणे बोलण्याइतकेच, किंबहुना किंचित जास्तच महाग पडते. २,५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर रेडिओ सतत ऐकत राहिला तर साडेपाच दिवसांत सेल संपतो. एक टक्का वेळच जागा राहिला तर रेडिओपुरता हिशेब दीड वर्षावर जातो. टक्कर झालेली पॅकेट पुन्हा पाठवणे, दुसऱ्याचा संदेश विनाकारण ऐकणे हेही खर्चाचेच. पण मुख्य गळती या रिकाम्या ऐकण्यात.

वेई ये, जॉन हाइडमन व डेबोरा एस्ट्रिन यांच्या एस-मॅकमध्ये (२००२) शेजारी नोड वेळापत्रक जुळवून एकदमच उठतात आणि झोपतात. जागे राहण्याचा काळ मात्र ठरीव, त्यामुळे काम नसले तरी तो जातोच. टी-मॅकने (२००३) त्यावर उपाय केला : काही काळ काहीच ऐकू आले नाही, तर लवकर झोपायचे. त्यातून नवी अडचण उभी राहिली; पुढच्या टप्प्यावरचा नोड त्याच्याकडे संदेश येण्याआधीच झोपी जाऊ लागला.

बर्कलीच्या बी-मॅकने (२००४) सामाईक वेळापत्रकच काढून टाकले. प्रत्येक नोड आपल्या सवडीने क्षणभर उठून हवेत हालचाल आहे का पाहतो. पाठवणारा संदेशाआधी लांब इशारा (प्रिअँबल) देतो. तपासणी दर १०० मिलिसेकंदांनी होत असेल, तर इशाराही निदान तेवढा हवा. सेकंदाला १९.२ किलोबिट वेगाने ३६ बाइटचा संदेश १५ मिलिसेकंदांत संपतो. म्हणजे मजकुराच्या सहापटीहून अधिक वेळ इशाऱ्यातच जातो आणि ज्यांचा संबंध नाही ते शेजारीही तोवर जागे राहतात. एक्स-मॅकने (२००६) तो इशारा पत्ता घातलेल्या छोट्या तुकड्यांत तोडला. आपले नाव ऐकताच घेणारा मधल्या फटीत होकार देतो, बाकीचे झोपतात. आरआय-मॅकमध्ये (२००८) हे उलटे : घेणारा उठल्यावर छोटी हाळी देतो, पाठवणारा तोवर गप्प ऐकत थांबतो. हवा मोकळी राहते, म्हणून गर्दीत ही पद्धत टिकते. मात्र संदेश नसला तरी हाळीचा खर्च चुकत नाही.

८०२.१५.४ई या २०१२ च्या प्रमाणकातील टीएससीएच पुन्हा वेळापत्रकाकडे वळले, पण अधिक काटेकोरपणे. बहुधा १० मिलिसेकंदांच्या खाचा, प्रत्येक खाचेत कोण कोणाशी बोलणार हे ठरलेले, आणि दर वेळी बदलती वाहिनी. येथे भाडे घड्याळ वसूल करते. दोन नोडच्या घड्याळांतील स्फटिक प्रत्येकी दशलक्षांत २० भाग, विरुद्ध दिशांनी, चुकत असतील तर मिनिटाला २.४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. म्हणून खाचेत थोडे आधीपासून ऐकावे लागते आणि वेळ पुन्हा पुन्हा जुळवावी लागते.

थोडक्यात खर्च नाहीसा होत नाही, तो कोणावर टाकला एवढेच बदलते : बी-मॅकमध्ये मुख्यतः पाठवणाऱ्यावर, एस-मॅकमध्ये सर्वांवर सारखा, टीएससीएचमध्ये समक्रमणावर. निबंधांतले आलेख पाहताना म्हणून आधी संदेशांचा दर पाहावा. तासाला एखादा आकडा धाडणाऱ्या जाळ्यात स्वस्त तपासणीच्या पद्धती सरस ठरतात. नियमित आणि खात्रीची रहदारी असेल तर टीएससीएच. तपासणीतले अंतर वाढवले की झोप वाढते, पण इशारा लांबतो आणि संदेश पोचायला उशीर होतो. सरासरी वापराचा आकडाही फसवा असतो. संकलन-केंद्राशेजारचे नोड इतरांचे संदेश पुढे नेतात, त्यांचे सेल आधी बसतात. मग दूरच्या नोडमध्ये कितीही वीज उरली असली तरी त्यांची नोंद केंद्रापर्यंत पोचत नाही.