मऊ हाडातला निरोप

कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की ते रबरासारखे वाकते. मालेगावच्या शाळेत काय किंवा मुंबईच्या, हा प्रयोग दाखवताना आपण सांगतो की आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि कोलॅजेन उरले. ते बरोबरच आहे. मात्र त्या मऊ हाडात आणखीही काही उरते, आणि आज दातांच्या शस्त्रक्रियेत हाड पुन्हा वाढवण्याचे जे प्रयत्न चालतात त्यांचे मूळ तेथे आहे.

अमेरिकेतील शल्यविशारद निकोलस सेन यांनी १८८९ साली क्षार काढलेले बैलाचे हाड रोग्यांच्या हाडांतील पोकळ्यांत भरले. त्यांना जंतुनाशक धरून ठेवणारा पदार्थ हवा होता. पोकळ्या मात्र नव्या हाडाने भरून आल्या! याचा उलगडा व्हायला पाऊण शतक लागले. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी असे हाड प्राण्यांच्या स्नायूंत पुरले. स्नायूत एरवी हाड होत नाही, येथे झाले. म्हणजे आसपासच्या पेशींना 'हाड तयार करा' असा निरोप मिळत होता.

हा निरोप पकडण्यात दोन भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. कुबेर संपत आणि हरी रेड्डी यांनी १९८१ साली हाडाच्या भुकटीतील विरघळणारा भाग वेगळा केला. तो एकटा उंदराच्या त्वचेखाली ठेवला तर हाड होईना. उरलेला चोथा एकटा ठेवला तरी होईना. दोन्ही पुन्हा एकत्र केले, आणि हाड आले. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वर्गात जरूर सांगावा. विरघळलेल्या भागात निरोप देणारी प्रथिने होती, चोथ्यातले कोलॅजेन पेशींना बसायला जागा देत होते. ही प्रथिने म्हणजे 'बीएमपी'. १९८८ साली त्यांची जनुके हाती आली.

दात काढला की त्याला धरणारे जबड्याचे हाड झिजते आणि कृत्रिम दात रोवायला आधार उरत नाही. अशा जागी बीएमपी-२ वापरायला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली. औषध फार महाग. शिवाय मानेच्या मणक्यांत ते वापरल्यावर घातक सूज आल्याने २००८ साली तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

स्वस्त वाट फ्रान्समधून आली. २००१ साली शोक्रून यांनी रोग्याचेच रक्त काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले आणि मधे जमणारी फायब्रिनची गुठळी जखमेत ठेवली. याला पीआरएफ म्हणतात. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरातील लहान दवाखान्यालाही एवढे यंत्र झेपते. म्हणूनच एक फरक स्पष्ट करणे आम्हांला गरजेचे वाटते. गुठळीतील रक्तपट्टिकांचे वृद्धिघटक पेशींना बोलावतात, त्यांची संख्या वाढवतात, रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. पेशींना हाड बनवायला लावणे हे मुख्यतः बीएमपीचे काम. 'ग्रोथ फॅक्टर' हे नाव दोन्हींना लावले जाते, आणि रोग्याला वाटते की पैसे भरले म्हणजे हाड येणारच. दात काढल्यावर पीआरएफने दुखणे कमी होते, हिरडी लवकर भरते, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. खोबणीत हाड किती वाढते, याबद्दल मात्र निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत.